दुखत नसलेली मान : मज्जारज्जूवरील दाबाचे नागपुरातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरच्या जुन्या वस्तीत राहणाऱ्या ५७ वर्षांच्या एका महिलेचे हे प्रकरण आहे. घरीच ब्लाउज शिवणे आणि साड्यांना फॉल-पिको करून देणे हा त्यांचा अनेक वर्षांचा व्यवसाय. त्यांना नऊ वर्षांपासून मधुमेह होता आणि त्यासाठी मेटफॉर्मिनसह दोन गोळ्या सुरू होत्या. मुलगा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, पती निवृत्त. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचे आणि वस्तीचे काही तपशील बदलले आहेत.

पहिली तक्रार अगदी किरकोळ वाटावी अशी होती. उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येत आणि सुई ओवायला वेळ लागे. पुढे डाव्या हातालाही तेच होऊ लागले. ब्लाउजचे हूक लावताना बोटे अडखळत, हातातला कप निसटे, पोळी लाटताना लाटण्यावरचा दाब सारखा राहत नसे. मान दुखते का, असे विचारल्यावर त्या नाही म्हणत. केसपेपरवर त्यांचेच शब्द उतरवलेले आहेत : "दुखून नाही राहिलं जी, पण बोटं माह्यं ऐकूनच नाही राहिले." आजाराचे वर्णन म्हणून हे वाक्य पुढच्या अनेक तपासण्यांपेक्षा अचूक होते, कारण हातातील संवेदना किंवा ताकद जाण्याआधी हालचालीतील सफाई जाणे ही मानेतील मज्जारज्जू दबल्याची नेहमीची सुरुवात असते.

समस्या : तीन खरी कारणे, आणि तरीही निदान नाही

पहिल्या तक्रारीपासून योग्य निदानापर्यंत चौदा महिने गेले. या काळात त्यांना तीन वेगवेगळी कारणे सांगण्यात आली आणि त्यांतील एकही खोटे नव्हते. हे प्रकरण लिहून ठेवण्याजोगे वाटले ते यामुळेच.

पहिले कारण मधुमेहाचे होते. दीर्घकाळच्या मधुमेहाने हातापायांच्या टोकांकडील नसा खराब होतात आणि मुंग्या येतात. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होण्याची शक्यताही असते. रक्तात बी-१२ कमी आढळले, इंजेक्शने दिली गेली, मुंग्यांसाठी गोळी सुरू झाली. मुंग्या थोड्या कमी झाल्या, मात्र हाताची सफाई परत आली नाही.

दुसरे कारण मनगटाचे होते. नसांचा वेग मोजणाऱ्या चाचणीत दोन्ही मनगटांत नस सौम्य प्रमाणात दबल्याचे दिसले. मधुमेही व्यक्तीत आणि सतत हाताने काम करणाऱ्या महिलेत हे वारंवार दिसते. उजव्या मनगटावर छोटी शस्त्रक्रिया झाली आणि रात्रीच्या मुंग्या थांबल्या. तरीही सुई ओवली जात नव्हती आणि दरम्यान डाव्या हाताचे कामही बिघडत गेले होते. मनगटात दबणारी नस अंगठा आणि शेजारच्या बोटांपुरती असते. इथे करंगळीसह सगळी बोटे मंदावली होती. या विसंगतीची त्या वेळी दखल घेतली गेली नाही.

तिसरे कारण कमरेचे होते. दहाव्या महिन्यानंतर चालण्यात फरक पडला. पाय जड वाटू लागले, मेट्रोच्या स्थानकावरील जिना उतरताना कठडा धरल्याशिवाय पाऊल पडेना, पायातली चप्पल निसटल्याचे चार पावले पुढे गेल्यावर कळू लागले. अंगणात पडल्यानंतर कमरेचा एमआरआय काढला गेला आणि त्यात चौथ्या-पाचव्या मणक्यांमधील गादी किंचित बाहेर आल्याचे दिसले. पन्नाशी ओलांडलेल्या, कोणतीही तक्रार नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्ये असे बदल सापडतात. कुटुंबाला मात्र अखेर कारण हाती लागले असे वाटले आणि कमरेच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्यापर्यंत बोलणे गेले.

वळण : गुडघ्यावरचा हातोडा

कमरेच्या व्यायामासाठी त्यांना एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवण्यात आले आणि तिथे प्रकरणाची दिशा बदलली. व्यायाम सुरू करण्यापूर्वीच्या तपासणीत गुडघ्याखाली हातोडा मारताच पाय जोराने उडाला. मधुमेहाने खराब झालेल्या नसा असोत किंवा कमरेत दबलेली नस असो, दोन्हींमध्ये अशा प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात किंवा नाहीशा होतात. त्या वाढलेल्या दिसल्या, तर बिघाड मेंदू किंवा मज्जारज्जूत, म्हणजे कमरेच्या वर शोधावा लागतो. त्यांच्या घोट्यातील प्रतिक्षिप्त क्रिया मात्र मधुमेहामुळे क्षीण झालेली होती, आणि तेवढीच पाहून थांबले असते तर दिशाभूल कायम राहिली असती. गुडघा आणि घोटा यांच्यातील हा विरोधच सांगत होता की एका शरीरात दोन आजार एकत्र नांदत आहेत.

फिजिओथेरपिस्टने व्यायाम थांबवले आणि चिठ्ठीत स्पष्ट लिहिले की मानेची तपासणी होईपर्यंत कमरेबाबत निर्णय घेऊ नये. व्यवसायाची मर्यादा न ओलांडता, पण ठामपणे लिहिलेली ती चिठ्ठी या प्रकरणातील सर्वांत मोलाचा कागद आहे, असे माझे मत आहे.

मणक्यांच्या शल्यचिकित्सकांकडे झालेल्या तपासणीत चित्र पूर्ण झाले. मधल्या बोटाचे टोक हलकेच झटकले की अंगठा आपोआप आत वळे. याला हॉफमन चिन्ह म्हणतात. तळपायावर रेघ ओढली की अंगठा वर जाई. टाचेला बोट लावून सरळ रेषेत चालणे त्यांना जमत नव्हते. मूठ उघडण्या-मिटण्याच्या चाचणीत निरोगी व्यक्ती दहा सेकंदांत २० किंवा त्याहून अधिक वेळा मूठ वळते. त्यांना उजव्या हाताने ९ आणि डाव्या हाताने ११ वेळा जमले. या चारही चाचण्यांना यंत्र लागत नाही आणि पाच मिनिटांहून अधिक वेळही लागत नाही.

मानेच्या एमआरआयमध्ये तिसऱ्या ते सहाव्या मणक्यांच्या पातळीवर मज्जारज्जू चेपलेला दिसला आणि त्यात पांढुरका डाग होता, म्हणजे दाबाचा परिणाम मज्जारज्जूच्या आत पोहोचला होता. सीटी स्कॅनने कारण दाखवले. मणक्यांच्या मागील पृष्ठभागावरून खाली उतरणारा अस्थिबंध, म्हणजे मणक्यांना जोडणारा चिवट पट्टा, हाडासारखा कडक झाला होता. हा विकार जपान आणि पूर्व आशियात अधिक आढळतो, परंतु भारतातही दुर्मीळ नाही, आणि मधुमेहाशी त्याचा संबंध नोंदवला गेला आहे. मज्जारज्जू जिच्यातून जातो त्या मानेतील मज्जानलिकेची पुढून मागची रुंदी साधारणपणे १७ ते १८ मिलिमीटर असते. इथे सर्वांत अरुंद जागी ती ७ मिलिमीटर उरली होती.

समोरचे पर्याय

या आजाराची तीव्रता मोजण्यासाठी जपानी अस्थिरोग संघटनेच्या मापनपट्टीची सुधारित आवृत्ती जगभर वापरली जाते. हातांचे काम, चालणे, संवेदना आणि लघवीवरील ताबा यांना मिळून १८ गुण असतात. १५ ते १७ म्हणजे सौम्य, १२ ते १४ मध्यम आणि ११ किंवा त्याहून कमी म्हणजे तीव्र. त्यांचे गुण १२ आले. लघवीवरचा ताबा शाबूत होता, आणि तो असेपर्यंत निर्णय झाला हे त्यांचे भाग्य.

पहिला प्रश्न त्यांनीच विचारला : दुखत नाही, तर ऑपरेशन कशाला? या प्रश्नाला बगल देऊन पुढे जाता येत नाही, कारण आपल्याकडे शस्त्रक्रियेची गरज वेदनेवरूनच ठरवली जाते. त्यांना सांगण्यात आले की मज्जारज्जूतील नष्ट झालेल्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत, त्यामुळे शस्त्रक्रियेचे पहिले उद्दिष्ट उरलेले काम वाचवणे हे आहे, आणि गेलेले थोडेफार परत आले तर तो लाभ समजावा. शस्त्रक्रिया न केलेल्या रुग्णांच्या अभ्यासांत तीन ते सहा वर्षांत २० ते ६२ टक्के रुग्णांची स्थिती खालावल्याचे आढळले आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना मध्यम आणि तीव्र आजारात शस्त्रक्रियेची शिफारस करतात. सौम्य आजारात शस्त्रक्रिया किंवा देखरेखीखालील व्यायाम, यांपैकी एक निवडण्याची मुभा देतात. त्यांचा आजार सौम्य राहिलेला नव्हता आणि चार महिन्यांत चालणे बिघडले होते. थांबण्याचा पर्याय इथेच मागे पडला.

शस्त्रक्रिया कोणती, हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. पुण्यातील एका नातेवाइकाचे कमरेचे ऑपरेशन दुर्बिणीतून झाले होते आणि ते दुसऱ्या दिवशी घरी गेले होते, म्हणून मुलाने तोच आग्रह धरला. शिवाय मणक्यांमधील गादीच्या जागी कृत्रिम चकती बसवण्याबद्दल त्याने वाचले होते. कृत्रिम चकती ही उपयुक्त गोष्ट आहे, पण ती एक किंवा दोन पातळ्यांवर गादीचा त्रास असलेल्या, सांधे चांगल्या अवस्थेत असलेल्या रुग्णांसाठी. जिथे अस्थिबंधच हाड होऊन चार मणक्यांवर पसरला आहे, तिथे चकती बदलून दाब हटत नाही. दुर्बिणीच्या छोट्या वाटेनेही इतक्या लांबीचा दाब सुरक्षितपणे काढणे त्यांच्या बाबतीत योग्य नव्हते. मुलाला सीटी स्कॅनच्या फिल्मवर हे दाखवल्यावर त्याने आग्रह सोडला.

उरलेले तीन मार्ग असे होते. गळ्याच्या पुढच्या बाजूने जाऊन कडक झालेला अस्थिबंध आणि मणक्यांचा भाग काढणे, हा दाबाच्या मुळाशी जाणारा मार्ग. परंतु अनेक पातळ्यांवर तो केला तर गिळण्याचा त्रास आणि आवाज बसणे यांची शक्यता वाढते, हाड जुळण्यास मधुमेह अडथळा आणतो, आणि अस्थिबंध मज्जारज्जूच्या आवरणाला चिकटलेला असेल तर आवरण फाटून द्रव गळू शकतो. दुसरा मार्ग मानेच्या मागून मणक्यांच्या कमानी, म्हणजे मज्जारज्जूला मागून झाकणारा हाडाचा भाग, काढून टाकायच्या आणि स्क्रू व सळ्यांनी मान जखडायची. तिसरा मार्ग लॅमिनोप्लास्टी. १९७० च्या दशकात जपानमध्ये विकसित झालेल्या या पद्धतीत कमानी काढून न टाकता एका बाजूने पूर्ण कापतात, दुसऱ्या बाजूने अर्धवट कोरतात आणि दार उघडावे तशा उचलून छोट्या टायटॅनियम पट्ट्यांनी उघड्या ठेवतात. नलिका रुंद होते आणि मज्जारज्जू मागे सरकतो.

मागून जाण्याचा उपयोग मज्जारज्जूला मागे सरकायला जागा मिळाली तरच होतो. त्यासाठी बाजूने काढलेल्या एक्स-रेवर दुसऱ्या आणि सातव्या मणक्यांच्या पातळीवरील नलिकेचे मध्यबिंदू जोडणारी रेषा ओढतात. कडक झालेला थर या रेषेच्या पुढेच राहिला तर मागून केलेली शस्त्रक्रिया फलदायी ठरण्याची शक्यता चांगली. तो रेषा ओलांडून मागे आला तर तसे होत नाही. त्यांचा थर रेषेच्या पुढे होता, मानेचा नैसर्गिक बाक टिकून होता, मान वाकवून काढलेल्या एक्स-रेमध्ये मणके घसरत नव्हते आणि मान दुखत नव्हती. शिवणयंत्रावर काम करायचे तर मानेची हालचाल हवी, आणि मधुमेहात हाड जुळण्याची वाट पाहावी लागणारी पद्धत टाळता आली तर बरे. हे सर्व धरून लॅमिनोप्लास्टी निवडली गेली.

साखर आणि वेळ यांचा पेच

एचबीए१सी ९.४ टक्के आले. इतक्या वाढलेल्या साखरेत जखम चिघळण्याचा धोका खरा असतो. पण हा आकडा मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवतो; तो खाली येईपर्यंत थांबायचे तर मज्जारज्जू आणखी तीन महिने चेपलेला राहणार. पथकात यावर मतभेद होते. अखेर मध्यम मार्ग ठरला : इन्सुलिन सुरू करून रोजच्या साखरेवर तीन आठवडे नियंत्रण मिळवायचे आणि आकड्याची वाट न पाहता शस्त्रक्रिया करायची, मात्र चालणे आणखी बिघडले तर त्याआधीच. मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण त्यात थांबण्याची मुदत आणि ती मोडण्याची अट या दोन्ही गोष्टी आधी ठरवल्या होत्या.

या तीन आठवड्यांत घरच्यांना दिलेल्या सूचना औषधांइतक्याच महत्त्वाच्या होत्या. मानेला झटका द्यायचा नाही, मालीश करवून घ्यायचे नाही, "नस बसवून" देणाऱ्याकडे न्यायचे नाही. न्हाणीघरात रबरी चटई आणि रात्री दिवा ठेवायचा. अरुंद नलिकेत साध्या पडण्यानेही चारही हातपाय लुळे पडू शकतात. एका काकूंनी हाडवैद्याची वेळ ठरवूनही ठेवली होती. ती सुनेने रद्द केली. याच काळात मुलाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील आरोग्यमित्रांकडे जाऊन खर्चाचा कोणता भाग योजनेत बसेल, याची चौकशी पूर्ण केली.

शस्त्रक्रिया

भूल देताना नळी घालण्यासाठी मान मागे झुकवणे धोक्याचे होते, म्हणून लवचीक दुर्बिणीच्या साहाय्याने मान सरळ ठेवून नळी घातली गेली. मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या संदेशांवर सतत लक्ष ठेवणारी यंत्रणा लावली होती. श्वासावाटे देण्याच्या भुलीने हे संदेश मंदावतात, त्यामुळे शिरेतून दिलेल्या औषधांवर भर होता. मज्जारज्जूला रक्त कमी पडू नये म्हणून रक्तदाब मुद्दाम थोडा वर राखला. तिसऱ्या ते सहाव्या मणक्यांच्या कमानी उघडल्या आणि दुसऱ्या व सातव्या मणक्यांना जोडलेले स्नायू शक्य तितके अखंड ठेवले, कारण ते सुटले की नंतर मान दुखत राहते. शस्त्रक्रिया सुरळीत झाली.

दुसऱ्या दिवसाची अडचण

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना उजवा दंड खांद्यातून उचलता येईना. बोटे, मनगट आणि दोन्ही पाय आधीइतकेच किंवा किंचित अधिक चांगले हलत होते. मानेतील पाचव्या नसेचा हा अशक्तपणा अशा शस्त्रक्रियांनंतर साधारण शंभरांत पाच जणांना होतो आणि बहुधा पहिल्या आठवड्यातच दिसतो. मात्र तो ओळखीचा आहे म्हणून गृहीत धरणे धोक्याचे असते, कारण जखमेत रक्त साठून मज्जारज्जू दबला तर तास मोजून निर्णय घ्यावा लागतो. त्याच रात्री एमआरआय केला गेला. रक्त साठलेले नव्हते आणि मज्जारज्जू भोवतीच्या द्रवात मोकळा दिसत होता. पुन्हा शस्त्रक्रिया न करता खांद्याला आधार आणि दुसऱ्या दिवसापासून व्यायाम, असे ठरले.

हा धोका शस्त्रक्रियेपूर्वी, संमतिपत्रावर सही घेताना नव्हे तर त्याच्या आठवडाभर आधी, घरच्यांसमोर सोप्या मराठीत सांगितलेला होता आणि मुलाने वहीत उतरवून घेतला होता. तरीही त्या रात्री त्या घाबरल्या, रडल्या. पण "हे डॉक्टर बोलले होते, आई" असे मुलगा म्हणू शकला, आणि त्यामुळे पुढचे पाच महिने व्यायामाला त्या स्वतःहून येत राहिल्या.

निष्पत्ती

खांद्याची ताकद शस्त्रक्रियेनंतर पाचपैकी दोन श्रेणी होती. पाचव्या महिन्यात ती चार झाली आणि त्या वरच्या फळीवरचा डबा काढू लागल्या. चालणे तुलनेने लवकर सुधारले. एका वर्षानंतर मापनपट्टीवर गुण १४ आले : हातांचे ३ चे ४, चालण्याचे ४ चे ५. मध्यम आजारात दोन गुणांची वाढ ही रुग्णाला जाणवणारी सुधारणा मानली जाते. जिना त्या आता कठड्याविना उतरतात, जरी कठड्याजवळून. मूठ उघडण्या-मिटण्याचा आकडा उजवीकडे १४ आणि डावीकडे १६ आहे. मधुमेहाच्या मुंग्या कायम आहेत. सुई ओवण्यासाठी त्या तारेची ओवणी वापरतात. यंत्रावरची सरळ शिलाई करतात, पण काजे आणि हूक सुनेकडे सोपवतात. मज्जारज्जूतील पांढुरका डाग नंतरच्या एमआरआयमध्येही आहे.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या भेटीत गुडघ्यावर हातोडा, मूठ उघडण्याची चाचणी आणि सरळ रेषेत चालणे एवढे पाहिले असते, तर मधुमेहाचे निदान न बदलता त्याच्या शेजारी दुसऱ्या आजाराची शंका लिहिली गेली असती. मधुमेही रुग्णांची संख्या आपल्याकडे इतकी मोठी आहे की हातापायांतील प्रत्येक मुंगी साखरेच्या खात्यात जमा होते. मुंग्यांबरोबर हाताची सफाई गेली असेल, तर साखर हे अपुरे उत्तर आहे.

मनगटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला पुन्हा सुई ओवायला लावून पाहणे शक्य होते. मुंग्या थांबल्या एवढ्यावर ती यशस्वी ठरली आणि मूळ तक्रार कागदावरून नाहीशी झाली.

कमरेचा एमआरआय करताना त्याच बैठकीत संपूर्ण कण्याचे झटपट दर्शन घेणारी जोडफिल्म मागवता आली असती. नागपुरात अशी सोय दुर्लभ नाही. चालणे बिघडलेल्या आणि कमरेत फारसे काही न सापडलेल्या रुग्णात ती मागवण्याचा खर्च रास्त आहे.

तीन आठवड्यांच्या प्रतीक्षेबद्दल माझ्या मनात अजून एक प्रश्न आहे. इन्सुलिनची सुरुवात एमआरआयची तारीख मिळाली त्याच दिवशी झाली असती, तर निदान आणि साखरेचे नियंत्रण समांतर चालून किमान आठवडाभर वाचला असता. मज्जारज्जूच्या आजाराची दाट शंका आल्यावर शस्त्रक्रियेची पूर्वतयारी निदानाच्या शिक्क्यासाठी थांबवू नये, असा बदल पथकाने त्यानंतर आपल्या कामात केला आहे.

डाव्या मनगटातील सौम्य दाब तसाच आहे. त्यावर शस्त्रक्रिया करायची की नाही, हे पुढील तपासणीत ठरेल. त्यासाठी नसांचा वेग मोजणारी चाचणी पुन्हा करून ती आधीच्या अहवालाशी ताडून पाहिली जाणार आहे. कडक झालेला अस्थिबंध शस्त्रक्रियेनंतरही हळूहळू वाढू शकतो, म्हणून मानेचा एक्स-रे आणि हातापायांची तपासणी दर वर्षी करायची आहे. त्या तपासणीच्या कागदावर, त्यांच्याच सूचनेवरून, सुई ओवायला लागणारा वेळही सेकंदांत नोंदवला जातो.